फादरांनी तपासलेलं लगीन

शहरातनं पाव्हणे आले का मला इचारतात, "आजी, तुमी लग्नात गाणी म्हणता ना?" मी हो म्हणते. जेवायची येळ झालेली असते नि समजवत बसायला कोणाला सवड हाय? पण आज माझी नातसून लिवून घेतेय नि मला घाई नाय, म्हणून सांगते. मी गाणी म्हणत नाय. मी लग्नं लावते. गाण्यातनं लावते, एवढंच.

मी धवलारीण. आमच्या आगऱ्यांत धवलारणीशिवाय मांडवाला शोभा नाय. आदल्या दिवशी मी त्या घरी जाते. तांदळाच्या पिठानं चौक काढते, सगळ्या देवांना नावानं बोलावते, मंग त्या घरच्या मेलेल्या माणसांना बोलावते, पणज्यापासून. एकाचं नाव सुटलं तर म्हातारी माणसं रुसतात, जिती पण नि मेलेली पण. हळद दळताना गाणं येगळं, लावताना येगळं, नवरा मांडवात येताना येगळं. नवऱ्याला नवरीच्या शेजारी बसवायचं, गाठ मारायची नि दोघांची नावं एकामागं एक गायची. झालं लगीन. भटजीबाबा त्याच्या आधी नायतर नंतर येतात, अक्षता टाकायला लावतात नि दुसऱ्या लग्नाला पळतात. मी पळत नाय. माझी कंबर तिथंच धरलेली असते.

हे मला सासूनं शिकवलं. माझं लगीन तेराव्या वर्साला झालं. मला कोणी इचारलं नव्हतं. मी शेजारच्या पोरींबरोबर सागरगोटे खेळत व्हते, उचलली नि हळद लावली. नवरा चांगला व्हता, पण दगडाच्या खाणीत वारला, मला चोविसावं चाललं तेव्हा. पदरात दोन पोरं. सकाळी लोकांच्या शेतात लावणी, दुपारी गवत, नि लग्नाच्या दिवसांत सासूमागं चालत चालत खालापूरपासून कळंबपर्यंत. चपला झिजू नयेत म्हणून हातात घ्यायच्या. सासू गेली नि पहिलं लगीन मी एकटीनं लावायला बसले, तेव्हा दोनचार जणी कुजबुजल्या, का विधवा बाय कशी चालंल? नवऱ्या मुलाची आजी उठली नि म्हणाली, "हिची सासू पण विधवाच व्हती. तुमची सगळ्यांची लग्नं तिनंच लावली. कोणाचं मोडलंय का? मोडलं असंल तर सांगा." कोणी हात वर केला नाय. तेव्हापासनं चाळीस वर्सं माझा गळा चालूच हाय.

आता दिवस बदलले. मागं कळंबकडच्या एका रिसॉर्टात मला बोलावलं. तिथं एक पोरगी कानात वायर घालून फिरत व्हती, तीच म्हणे सगळं लगीन बघणार. मला म्हणाली, "मावशी, तुमचा सात मिनिटांचा स्लॉट आहे." मी म्हटलं, बाय, सात मिनिटांत माझा गणपती पण पाटावर बसत नाय. मंग नवरीचा बाप मधे पडला नि मला अर्धा तास मिळाला. डोक्यावर एक यंत्र भुणभुण करत फिरत व्हतं, फोटो काढणारं. मी मेलेल्यांना बोलावत व्हते नि ते वरनं बघत व्हतं. माझं गाणं झाल्यावर ती वायरवाली पोरगी माझ्याजवळ येऊन बसली नि डोळे पुसत म्हणाली, माझ्या आजीची आठवण आली. मंग तिला पण एक गाणं म्हणून दाखवलं. तिचा सगळा स्लॉट माझ्यामुळं बोंबलला.

माझी एक सवय सांगायची ऱ्हायली. हळद लावताना नवरीच्या कानाशी वाकायला मिळतं. सगळ्यांना वाटतं कानामागं हळद लावतेय. मी इचारते, "मनापासून हाय का गं?" सासूनं हे शिकवलं नाय. हे माझं. चाळीस वर्सांत तिघी नाय म्हणाल्या. एकीच्या येळी मी पोट धरून आडवीच झाले, का आता मला गाता येत नाय. गडबड झाली, तेवढ्यात तिच्या मामाला मागं बोलावून सांगितलं. त्या पोऱ्यानं आधीच एक बाय ठेवलेली निघाली. दुसरीचं तिच्या बापाला पटवलं नि सहा म्हैने थांबवलं. तिसरी नाय म्हणाली कारण तिला भूक लागलेली. उपास धरायला लावलेला बिचारीला. तिला पदराखालनं दोन केळी दिली. मंग हो म्हणाली. अजून नांदतेय.

पण मला जी गोष्ट सांगायचीय ती सुरेखाची.

एका सकाळी मी सुकट निवडत बसलेले नि सुरेखा आली. कळंबच्या पुढच्या गावातली. ओट्यावर बसली, पाणी पण घेतलं नाय. म्हणाली, "आजे, माझं लगीन तू लावलंस ना?"

मी म्हटलं, लावलं.

"पुरतं लावलंस का?"

मी म्हटलं, दोन पोरं झाली तुला, सोळा वर्सं झाली, नि आता इचारतेस? तेव्हा तिनं सगळं सांगितलं.

तिचा नवरा विलास माथेरानला हॉटेलात स्वयंपाकी. तिथं त्याला काम शिकवलं ते पीटरमामांनी. म्हातारा ख्रिस्ती माणूस. विलासला कावीळ झाली तेव्हा त्या म्हाताऱ्यानं दीड म्हैना त्याला मऊ भात भरवला. बोलायचा कमी. रोज पहाटे गुडघ्यावर बसायचा, तेवढंच. विलास त्याच्याबरोबर रविवारी मिस्सेला, म्हंजे चर्चमधल्या प्रार्थनेला, जायला लागला. मामा वारला, तरी हा जातच ऱ्हायला. नि मंग एक दिवस आपणहून फादरांना म्हणाला, मला बाप्तिस्मा घ्यायचाय. लोक म्हणाले काय दिलं असंल, काय घेतलं असंल. सुरेखा म्हणायची, दिलं असतं तर माझ्या घरात दिसलं असतं. तिनं त्याला अडवलं नाय. म्हणाली, तुझा देव तू बघ, माझे देव माझ्या फळीवर हायत, त्यांना हात लावायचा नाय. तो हो म्हणाला. इथपर्यंत सगळं गोडीत व्हतं.

बिघडवलं ते दामूनं. दामू म्हंजे विलासचा थोरला भाऊ. माणूस वाईट नाय, घाईचा हाय. भावानं धर्म बदलू नये म्हणून त्यानं डोकं चालवलं. फादरांकडं गेला नि म्हणाला, याचं लगीनच धड झालेलं नाय, हा मांडवातनं पळालेला, मी याला गचांडी धरून आणलेला, असला माणूस तुमी घेऊ नका. त्याला वाटलं, तडा गेलेलं मडकं कुंभाराला परत करतात तसा फादर विलासला घरी परत पाठवतील.

फादर म्हणाले, "असं असेल तर मोठीच गोष्ट आहे. जबरदस्तीनं लावलेलं लग्न आम्ही लग्न धरत नाही. मग विलासला बायकोच नाही. तो मोकळा आहे."

दामूला हे माहीतच नव्हतं. घरी आला तो दोन दिवस गप्प. तिसऱ्या दिवशी बायकोनं त्याच्याकडनं काढून घेतलं नि संध्याकाळपर्यंत सुरेखाला कळलं, का फादरांच्या वहीत ती कोणाची बायकोच नाय. तिनं माथेरानला फोन लावला. विलास म्हणाला, "फादर इचारतील तेव्हा मी खरं तेच सांगीन," नि फोन ठेवला. हॉटेलात गर्दी व्हती म्हणे. पण बाईच्या जिवाला काय वाटंल? खरं काय ते तिला पण ठाऊक नव्हतं. तिला एवढंच ठाऊक, का लग्नाच्या दिवशी नवरा तीन तास नव्हता.

आता त्या दिवसाचं सांगते. सकाळी नवऱ्याची हळद झाली नि तो ओढ्यावर आंघोळीला जातो सांगून गेला. गेला तो गेलाच. दोन्हीकडची माणसं जमलेली, वाजंत्री वाजवून वाजवून दमलेले. भटजीबाबांना कर्जतला दुसरं लगीन, ते गेले. फोटोवाला पण त्याच लग्नाचा, तो त्यांच्याच मोटारसायकलवर मागं बसून गेला. जेवणाच्या टायमाला परत आला. त्यामुळं त्या लग्नाचे फोटो हायत ते सगळे जेवतानाचे. दीडशे माणसं वरणभात खाताना हायत, पण लगीन लागताना एक नाय. ग्रामपंचायतीत नोंद करायची ती पण ऱ्हायली. नि तीन तासांनी दामू विलासला मानेला धरून घेऊन आला. विलासच्या पायाला धूळ. त्याला कोणी काय इचारलं नाय, पटकन पाटावर बसवला. ऊन डोक्यावर आलेलं, माणसं भुकेली, म्हणून मी गाणी कापली. मेलेल्यांत आजोबांच्या वर कोणाला बोलावलं नाय. हे मी आजपर्यंत कोणाला सांगितलं नव्हतं. मला वाटायचं, त्या पणज्याला राग आला असंल.

सुरेखा उठताना म्हणाली, "आजे, फादर तुला बोलावणार हायत. गचांडीचं सांगू नको."

ती गेल्यावर सुकट तशीच पडून ऱ्हायली.

फादरांनी चौघांना बोलावलं. चर्चच्या बाजूला एक खोली, टेबल, पंखा, भिंतीवर येशूबाबाचं चित्र. फादर वसईकडचे, तरणे, मराठी आपल्यासारखंच बोलतात. एकेकाला आत घेत व्हते. सुरेखाचं आधी झालं नि ती बाहेर खिडकीखालच्या बाकावर येऊन बसली. खिडकी उघडी. फादरांना ते माहीत असावं असं मला आता वाटतं.

मला खुर्ची दिली. आधी त्यांनी मला समजवून सांगितलं. म्हणाले, "आजी, दोन माणसं बाप्तिस्मा न झालेली, आपापल्या रीतीनं, आपल्या मर्जीनं नवराबायको झाली, तर ते लग्न आमच्या लेखी खरंच आहे. एकानं पुढं बाप्तिस्मा घेतला म्हणून ते मोडत नाही. परत लावायला पण लागत नाही. बायकोनं धर्म बदलायला हवा असंही नाही. मला फक्त तीन गोष्टी बघायच्या. दोघांपैकी कोणाचं आधी लग्न झालेलं नव्हतं ना. लग्न तुमच्या रीतीनं झालं ना. आणि दोघांच्या मनात होतं ना."

मी म्हटलं, एवढंच ना, मंग सोपं हाय. पहिलं लगीन दोघांचं हेच. दुसरं, रीत झाली, मीच केली. पण फादर, खोटं कशाला सांगू, मी गाणी कापली. भटजी पण नव्हता.

फादरांनी इचारलं, तुमच्यात भटजीशिवाय लगीन लागतं का? मी म्हटलं, माझ्या सासूच्या काळात भटजी कुठं यायचा? धवलारीण गायली, गाठ मारली, लोक जेवले, झालं. ते हसले. म्हणाले, आमच्याकडं वसईला पण लग्नाआधी म्हाताऱ्या बाया गातात, माझी आजी गायची. मंग त्यांनी मला गाणी किती कापली ते इचारलं. मी पणज्याचं सांगितलं. ते म्हणाले, त्याची काळजी करू नका.

"मुलीला कोणी विचारलं होतं?"

"मी इचारलं."

"काय म्हणाली ती?"

मला लख्ख आठवत व्हतं. तिला हळद लावताना इचारलं तोवर नवरा निघून गेलेला नि घरात कुजबुज सुरू झालेली. सुरेखा म्हणाली, "माझं हाय गं आजे, पण त्याला आधी येऊ दे तर." ते मी तसंच सांगितलं. फादरांनी तसंच लिवलं.

"आणि मुलाला?"

"मुलाला काय?"

"त्याला विचारलं होतं का, मनापासून आहे का?"

मी म्हटलं, पोऱ्याला कोण इचारतं, फादर? नि म्हणता म्हणता माझं मलाच ऐकू आलं. चाळीस वर्सं मी पोरींच्या कानाशी वाकले नि स्वताला लय शहाणी समजले. कितीतरी पोऱ्ये माझ्यासमोर येऊन बसले असतील, घाबरलेले, आईबापानं ढकललेले. एकाच्या पण कानाशी मी वाकले नाय.

मंग त्यांनी गचांडीचं इचारलं.

बाहेर बाकावर सुरेखा खोकली. खोकला आला म्हणून नाय खोकली. मला तिचं तोंड दिसत व्हतं. पण मी पाटावर बसून देवांना बोलावलेलं, त्यांच्यासमोर जे झालं ते नाय झालं कसं म्हणू? मी म्हटलं, "पाह्यली. दामूचा हात विलासच्या मानेवर व्हता."

फादरांनी लिवलं. मी बाहेर आले, सुरेखा बाकावर सरकली नाय. मी उभीच ऱ्हायले. तिनं माझ्याकडं पाह्यलं पण नाय. गुडघे दुखत व्हते, पण तिला सरक म्हणायला मला तोंड नव्हतं.

मंग दामू आत गेला. तो आता उलटंच बोलाय लागला, का तसं काय नाय फादर, मी जोरात धरलं नव्हतं, प्रेमानं धरलेलं. फादर म्हणाले, प्रेमानं धरलं का रागानं ते राहू द्या. कुठं धरलं ते सांगा.

"आमच्या शिवेवर उंबर हाय, तिथं."

"तो उभा होता का चालत होता?"

"चालत व्हता."

"त्याचं तोंड कुणीकडं होतं?"

दामूनं हातानं उंबर कुठं, गाव कुठं ते दाखवाय घेतलं. बाकावर सुरेखानं पदर तोंडात धरलेला. सोळा वर्सं दामूनं ही गोष्ट शंभर माणसांना सांगितली असंल, मी भावाला कसा पकडून आणला म्हणून, नि हे त्याला कोणी इचारलं नव्हतं, त्यानं पण स्वताला इचारलं नव्हतं.

"गावाकडं," दामू म्हणाला. मंग परत म्हणाला, "गावाकडंच व्हतं, फादर. मी समोरनं गेलो ना. मला त्याचं तोंडच दिसलं."

सुरेखा बाकावर सरकली. मी बसले.

शेवटी विलास आत गेला. माथेरानवरनं सकाळीच उतरलेला, अंगाला अजून फोडणीचा वास. आत जाऊन फादरांना पहिलं काय म्हणाला तर, खिडकी लावून घेऊ का? लावली. आमाला बाहेर काय ऐकू आलं नाय. सुरेखा मला म्हणाली, "लावून घेतली बघ." मी म्हटलं, पोऱ्याला पण कधीतरी लाज वाटू दे.

पाव तासानं दार उघडलं नि फादरांनी सगळ्यांना आत बोलावलं. म्हणाले, ज्यानं जे सांगितलं ते मी वाचतो, चुकलं असेल तर बोला, नाहीतर सही करा. विलासला इचारलं, तुमचं सगळ्यांसमोर वाचू का? विलास जमिनीकडं बघत म्हणाला, वाचा. फादरांनी त्याच्याच बोलीत लिवलेलं, तसंच वाचलं.

"मी पळालेलो हे खरं हाय. नेरळ स्टेशनात बाकावर बसलेलो, कल्याणचं तिकीट काढलेलं. बायको नको व्हती असं नाय, मला भ्या वाटत व्हतं. गाडी येताना दिसली तेव्हा मला साखरपुड्याचा चहा आठवला. माझ्या कपात मुंगी पडलेली नि मी लाजून गप्प बसलेलो. सुरेखानं ते बघितलं, गुपचूप स्वताचा कप माझ्याकडं सरकवला नि माझा तिनं घेतला. मला वाटलं, ही बाय आता हळद लावून बसली असंल. मी गाडी सोडली, टेंपोनं फाट्यापर्यंत आलो नि घरी चालत निघालो. दादानं धरलं तेव्हा मी घरीच चाललेलो. मी मान सोडवली नाय, उशीर केलेला, मार खायचाच व्हता. मी पाटावर माझ्या मर्जीनं बसलो. आज पण बसीन."

दामू पंख्याकडं बघत व्हता. फादरांनी पेनाला टोपण लावलं नि म्हणाले, लग्न पक्कं आहे, होतं तसंच राहील, मला आणखी काही नको. मंग तोच कागद सुरेखाच्या पुढं केला, का तुमच्याबद्दल काही चुकलंय का यात?

सुरेखा म्हणाली, "मुंगी नव्हती, माशी व्हती."

फादरांनी पेनाचं टोपण परत काढलं. म्हणाले, माशी करू का?

"नको, ऱ्हाऊ दे त्याची मुंगी," सुरेखा म्हणाली. "शेवटचं वाक्य तेवढं परत एकदा वाचा."

फादरांनी परत वाचलं.